तीन वर्षं मागे राहा: नागपुरात कमी खर्चात पीसी गेमिंग

नवा गेम आला त्याच आठवड्यात खेळायचा असं ठरवलं की खिशाला दोनदा कात्री लागते. एकदा गेमसाठी, कारण मोठ्या कंपन्यांचे नवे गेम आता भारतातही बहुतेक वेळा तीन-चार हजारांच्या घरात येतात. दुसऱ्यांदा मशीनसाठी, कारण आजचा गेम आजचंच ग्राफिक्स कार्ड मागतो. तोच गेम तीन वर्षांनी घेतला तर त्याचा भाव उतरलेला असतो आणि तो नीट चालवणारं कार्डही तोवर सेकंडहँड बाजारात आलेलं असतं. गेमसाठी थांबायचं पण कार्ड मात्र नवंकोरं घ्यायचं, यात अर्धीच बचत होते. गेम आणि मशीन दोन्ही एकाच वयाचे ठेवले तरच हिशोब जमतो.

थांबायचं म्हणजे तीन वर्षं हात बांधून बसायचं असं नाही. तीन वर्षांपूर्वी गाजलेले गेम आज खेळायचे आणि आज गाजणारे यादीत टाकायचे. सवय लागली की दर महिन्याला हाताशी काहीतरी असतंच.

शिवाय थांबणाऱ्याला गेम चांगला मिळतो. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा इतका कच्चा होता की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या प्लेस्टेशन दुकानातून काढला. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आलं, पोलिसांपासून कौशल्यांच्या रचनेपर्यंत पुष्कळ काही नव्याने बांधलं गेलं, आणि आज जो गेम मिळतो तो वेगळाच आहे. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी कच्चा माल घेतला. ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ची पीसी आवृत्ती तर जून २०१५ मध्ये विक्रीतूनच मागे घ्यावी लागली होती. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा ८ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डांवर अडखळत होता, पुढे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, येत गेले तसा सुधारला. पहिलं वर्ष गेमच्या दुरुस्तीला सोडून द्या.

भाव कधी आणि किती उतरतो

मोठ्या, एकट्याने खेळायच्या गेमचा उतार साधारण असा असतो: पहिल्या सहा महिन्यांत २० ते २५ टक्के सूट, वर्षभरात ३५ ते ४०, दोन वर्षांनी ५० ते ६० आणि तीन-चार वर्षांनी ७५ च्या आसपास. २,९९९ रुपयांचा गेम धरला तर तो आधी २,२४९, मग १,५०० आणि शेवटी ७५० रुपयांवर येतो. हा काही नियम नाही. काही प्रकाशक लवकर पाडतात, काही वर्षानुवर्षं अडून बसतात, आणि ‘फॅक्टोरिओ’चे निर्माते सूट देतच नाहीत, उलट जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी त्याची किंमत ३० वरून ३५ डॉलर केली. म्हणून अंदाजावर जाऊ नका, त्या गेमचा आजवरचा भाव बघा.

पीसी गेमचं मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम, आणि तिथला भाव बघायला स्टीमडीबी ही साइट आहे. गेमचं पान उघडा, चलन भारतीय रुपया निवडा आणि खालचा आलेख बघा. तीन गोष्टी कळतात: आजवरचा सर्वांत कमी भाव, तो किती वेळा आला आणि दोन सवलतींत किती अंतर असतं. मागच्या चार सेलमध्ये दरवेळी ६० टक्केच मिळाली असेल तर पुढच्या सेललाही तेवढीच धरून चाला. दरवेळी पाच-दहा टक्क्यांनी वाढत असेल तर आणखी एक फेरी थांबण्यात अर्थ आहे. मूळ किंमतच मध्ये वाढवली आहे का, तेही याच आलेखात दिसतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमने देशागणिक सुचवलेल्या किमती बदलल्या, त्यानंतर बऱ्याच गेमचे रुपयातले मूळ भाव चढले. ‘६० टक्के सूट’ हा आकडा बघून भुलू नका, हातातून किती रुपये जाणार तेवढंच बघा.

यानंतर यादी करायची. साधी वही चालेल, मोबाईलमधली नोंद चालेल. गेमचं नाव, आजवरचा नीचांक आणि तुम्ही द्यायला तयार असलेला भाव, एवढे तीन रकाने. तिसरा रकाना डोकं शांत असताना भरायचा, सेल सुरू झाल्यावर नाही. मग ‘इज देअर एनी डील’वर खातं उघडा, देश भारत ठेवा आणि प्रत्येक गेमला तोच भाव मर्यादा म्हणून लावा. कोणत्याही अधिकृत दुकानात भाव त्याखाली गेला की मेल येतो. स्टीमची विशलिस्टही मेल पाठवते, पण ती सूट लागली एवढंच सांगते, तुमच्या भावाला आली का ते बघत नाही. ‘जीजी डॉट डील्स’ वापरत असाल तर अधिकृत दुकानं आणि चाव्या, म्हणजे गेम चालू करायचे कोड, विकणारी तिऱ्हाईत दुकानं तिथे वेगळी दाखवलेली असतात. ही चाव्यांची दुकानं बंद ठेवा, का ते पुढे येईलच.

स्टीमचे मोठे सेल वर्षात चार: मार्चमध्ये वसंत, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उन्हाळी, शरद सेल आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हिवाळी. शरद सेल पूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी यायचा, २०२५ मध्ये तो २९ सप्टेंबरला सुरू झाला. उन्हाळी सेलची वेळ आपल्याकडे लक्षात ठेवायला सोपी आहे: विदर्भातल्या शाळा उघडतात त्याच सुमारास तो लागतो. सेल सुरू होतो पॅसिफिक वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळी सेलला रात्री साडेदहाला आणि हिवाळी सेलला साडेअकराला. पहिल्या तासात पेमेंटचं पान हमखास लटकतं. तेव्हा जागत बसायची काही गरज नाही. पूर्वी स्टीमवर काही तासांपुरते भाव पडायचे, ती पद्धत २०१५ च्या शेवटी बंद झाली. आता पहिल्या दिवशीचा भाव सेलच्या शेवटच्या दिवशीही तोच असतो. दोन-तीन दिवस यादीकडे बघा, मग घ्या.

मधल्या काळातही सूट लागते, पण एक सूट संपली की तोच गेम साधारण ३० दिवस पुन्हा सवलतीत आणता येत नाही. मोठ्या मोसमी सेलना मात्र हे बंधन नाही. त्यामुळे मेच्या शेवटी एखादा गेम ५० टक्क्यांना हुकला तर हळहळू नका, महिन्याभरात तो पुन्हा येण्याची शक्यता दाट आहे.

आवृत्तीकडे लक्ष द्या. दोन-तीन वर्षांनी बहुतेक गेमची सगळे डीएलसी, म्हणजे नंतर वेगळे विकलेले जादा भाग, धरून ‘कम्प्लीट’ किंवा ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती निघते आणि ती सेलमध्ये मूळ गेमपेक्षा थोडीशीच महाग असते. उलटंही होतं: मूळ गेमला ७५ टक्के सूट आणि पूर्ण आवृत्तीला ५०. गेम आणि त्याचं एकच नावाजलेलं डीएलसी सुटं घेतलं तर अशा वेळी स्वस्त पडतं. पोशाख, नाणी, बंदुकीचे रंग असलं सामान आवृत्तीत भरून किंमत फुगवलेली असते, त्याला शून्य मोल द्या. स्टीमवरच्या बंडलमधला, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या संचातला, एखादा गेम तुमच्याकडे आधीच असेल तर ‘कम्प्लीट युअर बंडल’मध्ये त्याचे पैसे वजा होऊन उरलेल्यांवर बंडलची जादा सूट मिळते, हे खूप जण बघतच नाहीत.

आणि मुख्य म्हणजे आज रात्री सुरू करणार असाल तोच गेम घ्या. लायब्ररीत पडून राहिलेल्या गेमचा भाव तुमच्याविना उतरत राहतो. या सेलला ७५० ला घेऊन दोन वर्षं उघडला नाही, तर तो तेव्हा ४५० ला मिळणारच होता. सेलमध्ये एका वेळी दोन गेम, एक मोठा आणि एक छोटा, हे प्रमाण बहुतेकांना पुढच्या सेलपर्यंत पुरतं. छोट्या निर्मात्यांच्या तीनशे-चारशेच्या गेमसाठी मात्र शंभर रुपयांवरून वर्षभर अडून बसू नये. तिथे तुमचे शंभर रुपये खरंच कुणाच्या तरी पुढच्या गेमला लागतात.

घेतल्यावरचे पहिले दोन तास

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचंही गणित तेच. जीओजी या तिसऱ्या दुकानात ३० दिवस आहेत. ही सोय म्हणजे तुमच्या मशीनवर गेम चालतो की नाही याची फुकट चाचणी. ती मन लावून करा.

पहिल्या वीस मिनिटांत सेटिंग्ज बसवा. गेमने सुरुवातीला ‘कम्पायलिंग शेडर्स’, म्हणजे ग्राफिक्सची पूर्वतयारी, लावली तर त्याला जुन्या प्रोसेसरवर पंधरा-वीस मिनिटंही लागतात आणि तीही दोन तासांत मोजली जातात. मेनूवर गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही. मग गर्दीची जागा गाठा. शहर, बाजार, लढाई. सुरुवातीच्या अरुंद बोगद्यात सगळेच गेम छान चालतात. फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, सरासरी चांगला पण दर काही सेकंदांनी झटका बसत असेल तर बहुधा कार्डाची मेमरी भरली आहे किंवा गेम हार्ड डिस्कवर टाकला आहे. टेक्स्चर एक पायरी खाली आणून बघा. दीड तासात सुधारलं नाही तर परत करा. तो गेम वर्षभरानंतरचा, पॅच झालेला घ्या.

गेम घेतला आणि चार दिवसांत सेल लागला, तर परत करून कमी भावात पुन्हा घेणं स्टीमच्या नियमांत गैरवापर धरलं जात नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे. अट तीच, दोन तास आणि १४ दिवस. युपीआयने दिलेले पैसे परत यायला वेळ लागतो. लगेच दुसरं काही घ्यायचं असेल तर परतावा स्टीम वॉलेटमध्ये मागा.

जीओजीवर भारतातून किंमत डॉलरमध्ये पडते. तिथे विनिमय दरावर बँक कार्डाची परदेशी व्यवहाराची आकारणी, बहुधा दोन ते साडेतीन टक्के, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा. तरीही जीओजीचा एक मोठा गुण आहे: गेमची इन्स्टॉलर फाइल तुमच्या डिस्कवर कायमची राहते आणि ती चालवायला दुकानाची परवानगी लागत नाही.

फुकट मिळतं ते आणि घरात वाटता येतं ते

एपिक डिसेंबर २०१८ पासून फुकट गेम देत आलं आहे. मे २०२० मध्ये तर ‘जीटीए ५’ दिला होता. दर गुरुवारी गेम बदलतो, आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला आणि नोव्हेंबर ते मार्च साडेनऊला. गेम डाउनलोड करावा लागत नाही, मोबाईलच्या ब्राउझरवरून ‘गेट’ दाबून खात्यात घेतला की कायमचा तुमचा. खात्यावर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत कोड विचारणारी तपासणी, चालू ठेवा, नाहीतर घेताना अडू शकतं. नाताळाच्या सुमारास काही दिवस रोज एक गेम देतात, त्या आठवड्यांत रोज बघा. हिवाळी सेलमध्ये काही विकत घेण्याआधी ही फेरी संपू द्यावी. विकत घेतलेला गेम चार दिवसांनी फुकट मिळाला की जीव जळतो.

स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांपर्यंत एका घरातले लोक एकमेकांच्या लायब्ररीतले गेम खेळू शकतात. एका प्रतीवर एका वेळी एकच जण, पण ताई एक गेम खेळत असताना धाकट्याला तुमच्याच लायब्ररीतला दुसरा खेळता येतो. आपापलं सेव्ह वेगळं राहतं. घरातल्या तिघांनी ठरवून वेगवेगळे गेम घेतले तर खर्च तिघांत विभागतो. हे एकाच घरापुरतं आहे, वर्ध्याच्या मावसभावाला यात घ्यायला जाऊ नका. घेतलेला मोठा माणूस बाहेर पडला की त्याला दुसऱ्या कुटुंबात जायला तो सामील झाल्यापासून वर्ष उलटावं लागतं आणि तुमची ती जागाही तोवर अडून राहते. आणखी एक: कुणी तुमच्या गेममध्ये फसवणुकीचं सॉफ्टवेअर वापरलं तर बंदी गेमच्या मालकावर, म्हणजे तुमच्यावरही येते. धाकट्यांना हे आधी समजावून सांगा.

सगळेच गेम वाटता येत नाहीत. गेमच्या पानावर उजव्या बाजूला ‘फॅमिली शेअरिंग’ लिहिलं आहे का ते बघा.

शंभर जीबीचा गेम दोन मशीनवर दोनदा डाउनलोड करायची गरज नाही. दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतील आणि स्टीमच्या डाउनलोड सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्कवरून फाइल पाठवणं चालू असेल तर दुसरं मशीन पहिल्याकडून गेम ओढून घेतं. लॅनची वायर लावली तर कितीतरी लवकर होतं. डेटा मर्यादेच्या प्लॅनवर असाल तर खेळून झालेला गेम पुसण्याआधी स्टीमच्या बॅकअपने जुन्या हार्ड डिस्कवर टाकून ठेवा.

महिन्याच्या वर्गणीच्या सेवा, पीसी गेम पाससारख्या, थांबणाऱ्याला एकाच रीतीने परवडतात: तिथले तीन-चार गेम यादीत साचू द्या, सुटीचा एक महिना धरून वर्गणी भरा, खेळा, आणि भरल्या दिवशीच स्वयंचलित नूतनीकरण बंद करा. बारा महिने चालू ठेवलेली वर्गणी बहुतेकांना वर्षाच्या सेल-खरेदीपेक्षा महाग पडते आणि शेवटी हातात काही राहत नाही.

दोनशे रुपयांतला गेम

इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर ‘ऑफलाइन अकाउंट’ म्हणून नवे गेम शंभर-दोनशे रुपयांत विकले जातात. मिळतं काय, तर एकाच स्टीम खात्याचा पासवर्ड, जो तुमच्यासारख्या पुष्कळांना विकलेला असतो. खातं विकणं स्टीमच्या करारात बसत नाही. मूळ मालकाने पासवर्ड बदलला की गेम गेला. डेनुवो, म्हणजे चोरून कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर, असलेल्या गेममध्ये एका दिवसात किती मशीनवर चालू करता येईल याला मर्यादा असते, त्यामुळे ऐन वेळी ‘उद्या प्रयत्न करा’ असा संदेश येतो. अपडेट येत नाहीत, आणि बऱ्याचदा विकणारा अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. तिथेच उठावं.

तिऱ्हाईत साइटवरच्या चाव्यांची अडचण निराळी. चावी चोरीच्या बँक कार्डावर घेतलेली निघाली तर प्रकाशक ती रद्द करतो आणि गेम लायब्ररीतून जातो. दुसऱ्या देशाची निघाली तर भारतात चालूच होत नाही. दोन्हीत परतावा दुष्कर. यादीतला गेम वर्षभरात अधिकृत दुकानात त्याच भावाला येणारच आहे, मग हा धोका कशाला?

मशीन: आधी असलेलं पिळून काढा

नवं कार्ड घेण्याआधी ही कामं करून बघा. यातली पहिली तीन फुकट आहेत.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो, हे इतक्या घरांत दिसतं की पहिल्यांदा तेच तपासावं: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. मग बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू आहे का बघा. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २४०० किंवा २१३३ वर धावते. मग वायर: केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावली आहे ना, हेही एकदा मागे वाकून बघाच.

रॅमची एकच १६ जीबी पट्टी असेल तर तिच्या जागी ८-८ च्या दोन लावा किंवा तशीच दुसरी जोडा. दोन पट्ट्या दोन वाटांनी डेटा नेतात, आणि रायझन ५ ५६००जीसारख्या, ग्राफिक्स प्रोसेसरच्याच आत असलेल्या मशीनवर याने फ्रेम चांगल्याच वाढतात, कारण तिथे ग्राफिक्सची मेमरी म्हणजे हीच रॅम. चार खाचांच्या बोर्डावर पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर त्यानंतर एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क.

गेमच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत आधी रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं तंत्र, बंद करा, मग सावल्या आणि धुकं ‘मीडियम’वर आणा. डोळ्यांना फरक थोडा, फ्रेमना मोठा. टेक्स्चरचा भार कार्डाच्या मेमरीवर पडतो, वेगावर जवळजवळ नाही. मेमरी शिल्लक असेल तर ते कमी करू नका. एफएसआर आणि डीएलएसएस लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवतात: एफएसआर तिसऱ्या आवृत्तीपर्यंत कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, डीएलएसएसला एनव्हिडियाचं आरटीएक्स लागतं. १०८० पी वर दोन्ही ‘क्वालिटी’च्या खाली नेलं की चित्र पुसट होतं.

एवढं करून कार्ड घ्यायचंच ठरलं तर चार-पाच वर्षं जुन्या पिढीत बघा. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं, १३२ वॅटचं कार्ड आहे. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं, १७० वॅटचं. दोघांनाही चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, भरपूर होतो. यापेक्षा जुन्यात सापळे आहेत. आरएक्स ५८० स्वस्तात दिसतं, पण त्याला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही, आणि डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ त्याशिवाय चालत नाहीत. हेच गेम दोन-तीन वर्षांनी तुमच्या यादीत स्वस्त होऊन येणार आहेत. वर ५८० च्या नावाने २०४८ शेडरचं (शेडर म्हणजे कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग) उणं कार्डही विकलं जातं, खऱ्यात २३०४ असतात. ३०६० चीही ८ जीबीची हळू आवृत्ती आहे. आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या, पीसीआयई ३.० खाचेच्या बोर्डावर लावू नका. त्याला डेटा नेणाऱ्या चारच वाटा (लेन) आहेत, जुन्या बोर्डावर त्या वाटांचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की ते गुदमरतं.

सेकंडहँड कार्ड बर्डीवरच्या किंवा सदरच्या दुकानातून घ्या नाहीतर कुणा मुलाकडून, चालत्या मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चौकात उभं राहून डबा हातात घेण्याचा व्यवहार टाळा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून नाव, शेडरची संख्या आणि मेमरी जुळते का बघा. नाव बदललेल्या बनावट कार्डांना ते पकडतं. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर ठिपके, पट्टे, चौकोन दिसले की कार्ड सोडा. दोन्ही पंखे फिरतात का, किरकिर आहे का ऐका. तापमान खोलीच्या तुलनेत वाचा: २५ अंशांच्या खोलीत ७० वर स्थिरावणारं कार्ड मेच्या दुपारी ८५ च्या आसपास जाणारच. साधारण तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) यांत २५-३० अंशांहून जास्त अंतर असेल तर बहुधा चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. भाव कमी करून मागा, पेस्ट बदलता येते. मूळ पक्कं बिल मागा आणि त्यावरचा सिरियल नंबर कार्डाच्या स्टिकरशी ताडून बघा. बिल नसेल तर उरलेली वॉरंटी धरूच नका.

एसएमपीएस मात्र सेकंडहँड घेऊ नये, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला तर गेमिंगच्या मशीनला लावूच नये. तो जातो तेव्हा बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो.

आपला उन्हाळा

जुनं हार्डवेअर टिकवून वापरायचं म्हटलं की नागपुरात मार्च ते जून हा परीक्षेचा काळ. नवतपात बाहेर पारा ४५ च्या वर गेला की खोलीत पीसीला मिळणारी हवाच ४० ची असते. हिवाळ्यात ६८ वर चालणारं कार्ड त्याच गेममध्ये ८३-८४ ला पोहोचतं आणि स्वतःचा वेग कापतं. तेव्हा कार्ड खराब झालं असं वाटून नवं घेतलं जातं. तसं काही नसतं.

खोलीतल्या कूलरची जागा आधी बघा. पीसी खोलीपेक्षा गरम असतो म्हणून त्यावर दव धरत नाही. खरा त्रास कूलरमधून उडणाऱ्या थेंबांचा आणि ओलसर धुळीचा. जड पाण्याचे थेंब सुकले की पांढरी भुकटी उरते, धूळ त्यावर चिकटते आणि हीटसिंकच्या पात्यांत घट्ट थर बसतो. कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर नको, तिरपा असावा, आणि समोरची खिडकी किंवा दार फटीएवढं उघडं हवं, नाहीतर खोली दमट होऊन कूलर थंड करणंच थांबवतो. नवं गवत बसवल्यावर पहिले दोन दिवस त्याचा भुसा उडतो, तेवढे दिवस पीसी झाकून ठेवा. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवा.

फिल्टरची जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावा. आतली साफसफाई वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या शेवटी आणि पाऊस स्थिरावल्यावर. मशीन गॅलरीत न्या, बाजूचं झाकण काढा, प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. मोकळा पंखा हवेने गरगर फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरची पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदला, वाटाण्याच्या दाण्याएवढी मधोमध पुरते.

यानंतर अंडरव्होल्ट, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं. एनव्हिडियाच्या कार्डाला एमएसआय आफ्टरबर्नर उघडा, कंट्रोल आणि एफ दाबून आलेख आणा, ९०० मिलिव्होल्टचा ठिपका कार्डाच्या नेहमीच्या वेगापर्यंत, ३०६० ला सुमारे १८०० मेगाहर्ट्झ, वर ओढा, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच रेषेखाली ठेवा आणि लागू करा. एएमडीला ड्रायव्हरमध्येच व्होल्टेजची पट्टी असते, ती २५ मिलिव्होल्टच्या पायरीने खाली आणा. प्रत्येक पायरीला अर्धा तास जड गेम चालवा. गेम बंद पडला तर एक पायरी वर या. एवढ्याने कार्डाला काही होत नाही. वेग तोच राहून तापमान कमी होतं. फ्रेमला ६० ची मर्यादा लावली तर आणखी उतरतं.

विजेच्या बिलात याने फार फरक पडेल असं मात्र धरू नका. कार्ड ६० वॅट कमी घेऊ लागलं आणि रोज तीन तास खेळलात तर महिन्याला साडेपाच युनिटही वाचत नाहीत. महावितरणचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात, कूलर चालू असलेलं घर मेमध्ये वरच्या टप्प्यात गेलेलंच असतं, तेव्हा जे वाचतं ते महाग युनिट वाचतं एवढंच. खरा फायदा कार्डाच्या आयुष्याचा.

अवकाळी वादळात लाईट फडफडायला लागली की खेळ थांबवा, प्लग काढा, आणि राउटरची लॅन वायरही काढा. वीज तिथूनही येते. घरातल्या बोर्डाला अर्थिंग आहे का हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नाहीच म्हणून समजा.

जिथे थांबू नये

दोस्तांसोबत ऑनलाइन खेळायचा गेम तीन वर्षांनी घेतला तर सोबत खेळायला कुणी उरत नाही. काहींचे सर्व्हरच बंद होतात: ‘द क्रू’ २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला बंद झाला आणि विकत घेतलेल्यांनाही तो उघडता येईना. असा गेम टोळी खेळत असेल तेव्हाच, पहिल्या ठीकठाक सवलतीला घ्या, किंवा सोडून द्या.

खऱ्या गाड्या आणि गाणी असलेल्या रेसिंग गेमचे परवाने संपतात. ‘फोर्झा होरायझन ४’ १५ डिसेंबर २०२४ ला दुकानांतून काढला गेला. ज्यांनी घेतला होता त्यांचा अजून चालतो, नव्याने मात्र मिळत नाही. अशा गेमला चार वर्षांहून जास्त थांबू नका, आणि तो काढला जाणार अशी घोषणा झाली तर यादीतला भाव आला नसला तरी घेऊन टाका.

मशीनच्या बाबतीत मोडलेल्या भागासाठी थांबणं महागात पडतं. २०२० आणि २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामाने कार्डांचे भाव चढले, तेव्हा थांबणाऱ्यांचा फायदा झाला, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद पडलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. रॅमचं मात्र २०२५ च्या शेवटापासून उलट चाललं आहे, एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलल्यामुळे भाव वर जात आहेत. पट्टी जळाली असेल तर पुढच्या दिवाळीच्या सेलची वाट न बघता तेवढीच, त्याच जातीची, गरजेपुरती घ्या; ८-८ च्या दोन चालत असतील तर ३२ जीबीचा मोह आत्ता आवरा. डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅमचा बोर्ड आणि रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर असेल तर सगळं उपसून डीडीआर५ वर जाण्याची घाई तर अजिबात नको.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नसेल तर त्यासाठी लगेच मशीन बदलू नका. वेगळी एसएसडी लावून तिच्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाका. स्टीमचं प्रोटॉन विंडोजचे बहुतेक एकट्याने खेळायचे गेम तिथे चालवतं. तुमच्या यादीतलं एकेक नाव आधी प्रोटॉनडीबीवर, म्हणजे कोणता गेम तिथे कितपत चालतो ते सांगणाऱ्या साइटवर, बघून घ्या, कारण कडक अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) असलेले ऑनलाइन गेम बऱ्याचदा तिथे अडतात.